तेल थिजला

तन्वी स्वेटर घालायला तयार नव्हती. थंडी अजून आलेलीच नाही, असं तिचं म्हणणं होतं.

सकाळी आम्ही दोघं पडवीत उभे होतो. समोर धामापूरच्या तलावावर एवढं धुकं होतं की पलीकडची झाडं दिसत नव्हती. तन्वीचं नाक गळत होतं आणि दात वाजत होते. मी स्वेटर पुढे केला की ती एक पाऊल मागे सरत होती. असं करत करत आम्ही पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आलो.

"थं-थं-थंडी येऊक नाय," ती म्हणाली.

"मगे ह्या काय?" मी तलावाकडे बोट केलं.

"ता धुका."

"आणि तुझ्या तोंडातसून धूर येता तो?"

तिने हा करून बघितलं. धूर आला. तिने परत हा केलं. परत आला.

"तो माझो धूर," ती म्हणाली. "थंडी इली की आजी सांगता. आजीन सांगूक नाय."

"आजी आता नाय मा गो बाय."

"मगे तू तेल बघ. थिजला काय नाय ता सांग."

तन्वी माझी नात. तिची आई, म्हणजे माझी सून पूजा, सकाळी काजूच्या कारखान्यात कामाला जाते. जाताना स्वेटर माझ्या हातात देऊन जाते आणि म्हणते, "बाबानू, आज तरी घाला तेका." दुपारी परत आली की स्वेटर तसाच घडी केलेला बघते आणि माझ्याकडे बघते.

तेलाचं काय ते आधी सांगतो.

माझी बायको आनंदी दरवर्षी घरच्या नारळांचं दूध काढायची आणि ते चुलीवर आटवून तेल करायची. आमच्याकडे त्याला आवेल म्हणतात. ते ती अरुंद गळ्याच्या एका जुन्या काचेच्या बाटलीत भरून स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवायची. तेच तेल डोक्याला, तेच गुडघ्याला, तेच देवाच्या समईला. मासे साफ करून झाले की तेच ती हाताला चोळायची. तेलाने माशाचा वास जातो, असं ती म्हणायची. जात नाही, असं मी म्हणायचो. त्यावरून आमचं लग्नानंतरचं पहिलं भांडण झालं आणि शेवटचंही त्यावरूनच झालं.

थंडी पडायला लागली की एखाद्या सकाळी ते तेल थिजतं. पाण्यासारखं असतं ते एका रात्रीत पांढरं, घट्ट होतं. आनंदी मग चमचा घेऊन बाटलीवर टणटण वाजवायची आणि घरभर सांगायची, "तेल थिजला!" त्या दिवशी पेटीतून स्वेटर आणि वाकळी बाहेर निघायच्या. आंघोळीचं पाणी जास्त कढत व्हायचं. रात्रीच्या जेवणाला कुळथाची पिठी. त्याच्या आधी कुणी कितीही कुडकुडलं तरी ती थंडी नव्हे, ती नुसती हवा.

गावातल्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. त्या दिवशी ती बाटली घेऊन तिकडेही जायची आणि तिथेही चमचा वाजवायची. पोरं नाचायची. गावातल्या सगळ्या लहान पोरांची थंडी आनंदीच्या बाटलीवर चालायची.

आनंदी श्रावणात गेली. ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी ती तिच्या एका साडीत गुंडाळली आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दिली. तिने घातलेलं लोणचं गणपतीत संपलं. आमसुलं दिवाळीच्या आधी संपली. तिच्या हातचं म्हणून घरात आता एवढंच उरलं होतं. ते वापरलं तर संपणार होतं, म्हणून मी ते वापरत नव्हतो आणि दुसऱ्या कुणाला वापरू देत नव्हतो. घरात कुणी नसलं की शिडी लावून वर जायचो, बूच काढायचो आणि वास घ्यायचो. खोबऱ्याचा चांगला वास यायचा. पण नुसता खोबऱ्याचा. मला वाटायचं, आपलंच नाक म्हातारं झालं.

चुलीवरचा माळा उबदार असतो. तिथे तेल थिजणार नाही हे मला माहीत होतं. मलाही थंडीची घाई नव्हती.

तन्वीला तसंच अंगणवाडीत घेऊन गेलो. दारात नम्रताबाई उभ्या होत्या. या आमच्या सेविका. वयाने पूजापेक्षा थोड्या मोठ्या, आवाज खणखणीत, कमरेला कायम एक रुमाल खोचलेला. तो रुमाल पोरांच्या नाकांसाठी. आत बघितलं तर सगळी पोरं उघड्या हातापायांनी बसलेली, आणि भिंतीच्या खुंट्यांवर रंगीत स्वेटरांची रांग.

"काकानू, हे बघा," नम्रताबाई म्हणाल्या. "आयशी घालून पाठवतत, हे हयसर येवन काढतत. म्हणतत, तेल थिजूक नाय. माझो रुमाल आता पिळूची येळ इली."

"दुकानातला तेल दाखवा तेंका."

"दाखवलंय. कालच थिजलेली बाटली घेवन इलंय घरसून. ह्यो चंदन काय म्हणालो माहीत आसा?"

चंदन तिथेच होता. चार वर्षांचा, गोल पोट, चड्डी एका हाताने धरलेली. त्याची आई सत्यवती स्कूटरवरून मासे विकते. त्याने स्वतःच सांगितलं, "ता दुकानातला. ता कदीय थिजता. आजीचा खराखुरा."

तन्वीने मान हलवली. कोर्टाचा निकाल लागावा तशी.

नम्रताबाईंपुढे त्या दिवशी दुसरंही काम होतं. त्यांच्या मोबाइलवर वरून एक व्हिडिओ आला होता. हिवाळा हाताने अनुभवायचा, त्यातून पोरांनी काहीतरी बनवायचं आणि फोटो पाठवायचे. व्हिडिओत कुठल्याशा मोठ्या शहरातली शाळा होती. गुबगुबीत टोप्या घातलेली पोरं कापसाच्या ढिगात हात घालत होती आणि त्याचा बर्फाचा माणूस करत होती. त्याला गाजराचं नाक होतं.

मदतनिसाची जागा अजून भरलेली नव्हती. त्यामुळे मी नातीला सोडायला जायचो आणि बरेचदा तिथेच राहायचो. पाणी भरायचो, चटया घालायचो. त्या दिवशी मला कापूस पिंजायला बसवलं. वातींसाठी आणतात तो कापूस होता. गाजर नव्हतं, म्हणून लाल मिरची आणली.

पोरांनी कापूस चुरला, उडवला, एकमेकांच्या मानेत घातला. शेवटी एक मोठा गोळा, त्यावर छोटा गोळा, त्याला मिरचीचं नाक आणि काळ्या चवळीचे डोळे असं उभं राहिलं.

"बाईनू, ह्यो कोण?" चंदनने विचारलं.

"ह्यो बर्फाचो माणूस."

चंदनने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "मगे ह्यो उभो कसो? आडवो होयो."

"कित्याक रे?"

"बर्फात सगळे आडवेच असतत."

त्याने बर्फ बघितला होता तो आईच्या थर्माकोलच्या पेटीतला. बाकीच्या पोरांचाही बर्फ तोच. सगळ्यांना ते पटलं. त्यांनी माणसाला आडवा केला. मग त्याच्या दोन्ही बाजूंना फणसाची पानं ओळीने निजवली. ते बांगडे. वरून थोडा कापूस पसरला. सोनल म्हणून एक अगदी लहान मुलगी आहे, तिने वाकून हुंगलं आणि म्हणाली, "ह्या बर्फाक वासच नाय. खोटो आसा."

तोवर तन्वीने दुकान मांडलं होतं. "येवा येवा, ताजे बांगडे! माणूस पण आसा!"

"माणूस कसो दिलंस?"

"माणूस देवचो नाय. बांगडे घेवा."

पांढऱ्या कापसात आडवा पडलेला माणूस बघून नम्रताबाईंनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि त्याला उठवायला हात पुढे केला.

"रवांदे," मी म्हटलं. "तेच्या नाकात मिरची आसा. आता शिंकान आपणच उठतलो."

पोरं हसली. तो शिंकतो का बघायला सगळी भोवती बसली. बराच वेळ बसली.

फोटो काढायचा राहूनच गेला. कापूस आवरताना नम्रताबाई हळूच म्हणाल्या, "काकानू, ह्या पोरांका कापसाची थंडी कळाची नाय. काकींची बाटली आसा मा तुमच्याकडे?"

मी कापूस पिशवीत कोंबत राहिलो.

"माका म्हायत आसा ती तुमी कित्याक ठेवलास," त्या म्हणाल्या. "एक चमचो फक्त. उद्या सकाळी थिजलेली दाखवा, एक चमचो काढूया, पोरांच्या हातार ठेवया. हात लावून थंडी बघतीत. बाकीची बाटली परत घेवन जावा."

तन्वी माझ्याकडे बघत होती. तिच्या नाकाखाली कापूस चिकटला होता आणि तिला मिशा आल्या होत्या.

"एक चमचो," मी म्हटलं.

"एकच," नम्रताबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी शिडी लावली आणि बाटली खाली आणली. साडी सोडून ती पुन्हा खिडकीत तिच्या जागी ठेवली. पूजाने बघितलं. खिडकीतला मसाल्याचा डबा तिने थोडा बाजूला सरकवला.

सकाळी तेल थिजलं होतं. तळापासून वरपर्यंत पांढरं. तन्वीने काचेवर गाल लावला. मग दुसरा गाल लावला.

"इली?" मी विचारलं. "आता घाल स्वेटर."

"हयसर नाय. थंयसर चमचो वाजवूचो, मगे."

आम्ही निघालो. तलावाच्या कडेची वाट दवाने ओली आणि निसरडी होती. बाटली हातात धरून चालायची मला भीती वाटत होती. पाय सरकला तर? म्हणून मी ती बंडीच्या आत छातीशी धरली. वर माझा स्वेटर, त्यावर मफलर, आणि वरून हात. तन्वी पुढे उड्या मारत होती आणि मी मागून, पोटात अंडं असल्यासारखा, जपून चालत होतो. वाटेत दोघंतिघं भेटले. "काकानू, पोटात दुखता काय?" असं एकाने विचारलं.

अंगणवाडीत पोरं ओळीने बसली होती. नम्रताबाईंनी मध्ये पाट मांडला होता. पाटावर चमचा, हळद, कुंकू, आंब्याची पानं, भाताचा पेंढा आणि पांढरे कागद. मी मफलर सोडला, स्वेटर वर केला, बंडीत हात घातला आणि बाटली काढून पाटावर ठेवली.

आत तेल डुचमळलं.

पाण्यासारखं स्वच्छ. पलीकडे बसलेला चंदन त्यातून दिसत होता.

सगळी पोरं पुढे वाकली. मग तन्वी म्हणाली, "आजो, तू वितळवलंस!"

"मी काय करूक नाय. नुसती धरलंय."

"धरलंस म्हणानच!"

नम्रताबाईंनी तोंडावर पदर घेतला. खांदे हलत होते, त्यावरून त्या हसतायत हे कळलं. "काकानू, मांजरीन पिल्लू धरूचा तशी धरलास ती."

मग तेल परत थिजवायची खटपट सुरू झाली. पण ऊन वर आलं होतं. मीही स्वेटर काढून कमरेला बांधला होता. आमच्याकडची थंडी सकाळपुरती. दहा वाजले की ती डोंगरापलीकडे जाते, आणि माणसं सावली शोधतात. बाटली आधी माठाला टेकवून ठेवली. मग ओल्या फडक्यात गुंडाळली. चंदन पुठ्ठा घेऊन वारा घालत बसला. सोनल बाटलीवर फुंकर मारत होती आणि दर फुंकरीनंतर तिची थुंकी पुसायला लागत होती. तेल हललं नाही, म्हणजे हलतच राहिलं.

"नाय जमाचा," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. बाटली घेऊन घरी जायचं, माळ्यावर ठेवायची. "उद्या बघूया."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. पों पों पों. चंदन चड्डी धरून उठला आणि ओरडला, "आये! बर्फ!"

सत्यवती रोज त्या वेळेला अंगणवाडीवरून जाते. पहाटे मालवणातून मासे घेते, स्कूटरला मागे थर्माकोलची पेटी बांधते आणि गावोगाव फिरते. पोरं तिच्याकडे धावली. सगळी एकदम बोलत होती, त्यामुळे तिला आधी वाटलं कुणाला लागलं.

"काय झाला? कोण पडलो?"

"आजीचा तेल बर्फात ठेव! थंडी आडकलीसा!"

नम्रताबाईंनी नीट सांगितलं तेव्हा सत्यवती कमरेवर हात ठेवून पेटीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

"काकानू, माझ्या बांगड्यांका तेल लागला तर घेतलो कोण?"

"गिऱ्हायकांका सांग, अर्धी फोडणी घालूनच देतंय," मी म्हटलं.

"आणि तेलाक बांगड्याचो वास लागलो तर?"

मी बाटली धरूनच उभा होतो. त्या बाटलीतला वास एवढंच तर माझ्याकडे होतं.

सत्यवतीने झाकण उघडलं. आत बर्फाचे तुकडे आणि त्यात निळ्या-चंदेरी पाठीचे बांगडे. तिने बाटली मागितली, आडवी धरून बघितली आणि डोकं हलवलं. "ही अशी ठेवलास तर दोन तास होये. आणि थिजला तरी ह्या गळ्यातसून भायर येतला कसा? झाडूचो हीर घालून कोरतलास? करवंटीत ओता. पातळ थर असलो की पटकन थिजता."

करवंट्या अंगणवाडीत होत्याच, पोरं त्यात माती कालवतात. नम्रताबाईंनी धुऊन पुसून एक माझ्यापुढे धरली. मी बूच काढलं आणि मोजून चमचाभर तेल ओतलं. बूच परत लावायला घेतलं.

"ही माझी," तन्वी म्हणाली. "चंदनाक?"

"एकातच सगळे हात लावतले मा गो."

"तो नाक पुसता त्याच हातान."

हे खरं होतं. चंदननेही नाकारलं नाही. त्याने आपली करवंटी पुढे केली. मी ओतलं. त्याच्या मागे आणखी एक पोरगा उभा होता, तोही करवंटी घेऊन. त्याच्या मागे आणखी. सगळी रांगेत उभी होती. खाऊच्या रांगेत उभी राहतात तशी, एक हात पुढच्याच्या खांद्यावर. ती रांग त्यांना आनंदीने शिकवली होती.

नम्रताबाई म्हणाल्या, "काकानू, एक चमचो म्हणालो आपण. पुरे करा. मी सांगतंय तेंका."

मी बाटली उजेडात धरली. तळाला बोटभर उरलं होतं. तेवढं राहिलं असतं तरी मला चाललं असतं. कधीमधी बूच काढायला पुरलं असतं. मी बूच लावलं.

मग रांगेत शेवटची सोनल दिसली. ती करवंटी डोक्यावर पालथी घालून, टोपीसारखी, वाट बघत उभी होती. आपली पाळी आली हे बघून तिने टोपी काढली, सरळ केली आणि दोन्ही हातांनी वर धरली. मागायची तिला गरज वाटली नाही. ती रांगेत होती, रांगेतल्याला मिळतं.

मी बूच काढलं आणि बाटली उलटी केली. तेल सावकाश आलं. शेवटचे थेंब यायला वेळ लागला. सोनलने तोपर्यंत हात खाली केले नाहीत.

सत्यवतीने बांगडे एका बाजूला सारले, बर्फ सपाट केला आणि करवंट्या त्यावर बसवल्या. झाकण लावलं. "आता कोणी उघडूचा नाय."

लगेच कुणीतरी उघडलं.

"बंद कर रे!"

"बघतंय फक्त."

"बघल्यार बर्फ पळता!"

असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी सत्यवती झाकणावरच बसली. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना ती म्हणाली, "बांगडे आज उशिरान. पेटीत थंडी ठेवलीसा." ती माणसं न विचारता गेली. तिच्याशी वाद घालत नाहीत कोणी.

झाकण उघडलं तेव्हा सगळ्या करवंट्यांत पांढरी चकती झाली होती. चमचा तन्वीने माझ्या हातात दिला आणि रिकामी बाटली पाटावर उभी केली.

"तू सांग," ती म्हणाली.

"बाई सांगतीत."

"नाय. तू."

मी चमचा बाटलीवर मारला. भरलेली बाटली टण वाजायची. ही रिकामी होती, ती खूप जास्त वाजली. मंदिरातल्या घंटेसारखी घुमली. मी म्हटलं, "तेल थिजला."

"आयकूक येवक नाय!" पोरं ओरडली.

"तेल थिजला!" मी ओरडलो. तलावावरचे बगळे उडाले.

मग जे झालं ते मी आणि नम्रताबाई मिळूनही आवरू शकलो नसतो. पोरांनी बोटं घातली. थंड लागलं म्हणून किंचाळली. बोटाच्या उबेने तेल वितळायला लागलं म्हणून परत किंचाळली. "माझा पाणी झाला!" "माझा अजून दगड!" नम्रताबाईंनी कागद वाटले. तेलाच्या बोटांनी कागदावर काहीही काढा म्हणाल्या. पोरांनी काढलं, पण दिसेना. पांढऱ्या कागदावर तेल, दिसणार काय? चंदन रडकुंडीला आला. "मी होडी काढलंय, ती खंय गेली?"

"उन्हात धर," नम्रताबाई म्हणाल्या.

त्याने कागद उन्हात धरला. जिथे तेल लागलं होतं तिथून उजेड आरपार येत होता. कागदात होडीच्या आकाराची खिडकी उघडली होती. त्याने तिला डोळा लावला. "आये दिसता! पिवळी दिसता!"

मग सगळ्यांनी कागद वर केले. कुणाचा सूर्य, कुणाचं झाड, सोनलचे नुसते दोन हात. तेलावर हळद टाकली तर ती चिकटली. कुंकू चिकटलं. पेंढ्याच्या काड्या चिकटल्या. एका पोराने तेल कपाळाला, गालांना आणि शेवटी नम्रताबाईंच्या साडीला लावलं. एकाने खाल्लं आणि म्हणाला, "मीठ कमी." नम्रताबाईंनी आठवणीने मोबाइल काढला, फोटो काढले आणि मग मोबाइललाही तेल लागलं.

मी पाटापाशी बाटली घेऊन बसलो होतो. आत काही नव्हतं, काचेला नुसता ओलावा होता. तन्वी पळत आली. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

"आजो, वास घे," ती म्हणाली आणि तिने पंजा माझ्या नाकावर दाबला.

आधी खोबऱ्याचा वास आला. त्याच्यामागून बांगड्याचा. बर्फातला, ताज्या बांगड्याचा, हलका. दोन्ही वास एकमेकांत मिसळलेले. माझे डोळे मिटले. मी तिचं मनगट धरलं आणि पंजा तिथेच ठेवला.

माळ्यावर जाऊन मी इतके दिवस हुंगत होतो, तो वास अर्धाच होता.

"तेलान माशाचो वास जाता काय गो?" मी विचारलं.

तन्वीने आपला हात हुंगला. नीट विचार केला. "नाय," ती म्हणाली. "आजीचो पण जायत नसलो."

"मी तेका कायम सांगलंय," मी म्हटलं. "आयकूक नाय कधी."

"आजो, तू रडतंस काय हसतंस?"

"नाकात तेल गेला तुझा."

तिने माझं नाक पुसलं. तेलाच्याच हाताने.

मग ती सरळ खुंटीकडे गेली, सकाळी येताना आणून टांगलेला आपला स्वेटर काढला आणि घातला. आधी डोकं, मग हात, दोन्ही बाह्या तेलाने भिजल्या. तिचं बघून चंदनने घातला. मग सगळ्यांनी घातले. दुपार होत आली होती, ऊन मी म्हणत होतं, सत्यवती पदराने वारा घेत होती, आणि अंगणवाडीतली सगळी पोरं गळ्यापर्यंत लोकर घालून, घामाने निथळत, ओळीने बसली. थंडी आली होती.

"चला, आता माझे बांगडे खपवा कोणीतरी," सत्यवती म्हणाली आणि जाताना तिने मला तीन बांगडे पिशवीत घालून दिले. "काकानू, हे तेल लागलेले. तुमकाच घेवचे लागतले."

आम्ही घरी निघालो. माझ्या बंडीवर, मफलरवर, सगळीकडे तेलाचे पंजे उमटले होते. रिकामी बाटली मी हातातच धरली होती, यावेळी छातीशी नाही. तन्वी स्वेटरमध्ये लाल झाली होती, पण काढायला तयार नव्हती. तलावाच्या वळणावर मागे म्याव झालं. देवळाजवळचा एक बोका आमच्या मागे लागला होता. आम्ही थांबलो की तो थांबायचा. आम्ही चाललो की तो चालायचा.

"पिशवीचो वास लागलो तेका," मी म्हटलं.

मी पिशवी तन्वीच्या हातात दिली. बोका तिच्याकडे न जाता माझ्याच मागून आला, माझ्या पायाला अंग घासत, थेट घरापर्यंत.

पडवीत मी बसलो. बोका समोर बसला आणि माझ्या बंडीकडे बघत राहिला. पूजा कामावरून आली होती. तिने आधी तन्वीच्या स्वेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाटलीकडे. "धुवून ठेवू?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "माडार चढता त्या जितेंद्राक सांग नारळ काढूक. तुका आवेल करूक येता?"

"हयसरच चुलीर आयेन एकदा दाखवलेला. दूध किती आटवचा ता आठवणा नाय."

"बघूया. जळला तर परत करूया."

तन्वी बोक्यासमोर उकिडवी बसली. तिने बाटली आपल्याकडे ओढली, चमचा आणला आणि एकदा वाजवला. बोका दचकून मागे सरला.

"तुका कोणी सांगूक नाय काय रे?" तन्वी त्याला म्हणाली. "थंडी इली."